शेवटच्या अंकाची मालकी

लिहून ठेवणार मी, वच्छला पत्रूजी निकुरे, वय सदुसष्ट, धंदा नाटकात काम करणे, राहणार धानोरा, जिल्हा गडचिरोली. माझे डोके ठिकाणावर आहे. माझे दीर गुणवंतराव चंद्रपुरात "वहिनीले भरम झाला" असे सांगत फिरतात, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी कोणाच्या धाकाने लिहीत नाही, रागाने लिहीत आहे. रागाने मृत्युपत्र रद्द होत नाही, हे वकिलांना विचारून घेतले.

कलम एक. धानोऱ्याचे राहते घर, मागची मोहाची झाडे आणि आमच्या नाटक मंडळीचे पडदे, दिवे, पेटी माझी मुलगी पुनम हिला. गुणवंतरावांना ओसरीवर बसायचे असेल तर पुनमला विचारावे. ती नाही म्हणेल अशी मला आशा आहे.

कलम दोन. काळा गॉगलही पुनमलाच. त्याची हकिकत अशी, की गुणवंतरावांनी मंडळीला चेटकिणीची दोन नाटके लिहून दिली. एकातली चेटकीण नागपूरच्या फ्लॅटमध्ये राहते, गॉगल लावते, कॉफीत काहीबाही कालवून तीन नवरे संपवते आणि शेवटी इन्स्पेक्टरच्या जीपमधून टाळ्या घेत निघून जाते. दुसऱ्यातली खेड्यात राहते, पोरांच्या तापाला पाला वाटून देते, आणि शेवटच्या अंकात गाव तिला शिंदीच्या फड्यांनी झोडपते. खाली फरशी असली की बाईची शक्ती, शेणाने सारवलेले असले की तिची करणी! हा कुठला न्याय, असे मी पुष्कळदा विचारले. उत्तर ठरलेले, "वहिनी, पब्लिकले हेच पाह्यजे." गॉगलवालीसाठी बाहेरून नटी यायची. झाडायच्या फड्याचा मार खायला घरची मी होतेच. पुनमने तो गॉगल उन्हात खुशाल वापरावा.

कलम तीन. शेवटच्या अंकात गावकऱ्यांच्याच हाती फडे देऊन त्यांना रंगमंचावर बोलवायचे, ही अक्कल गुणवंतरावांची. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, तेव्हा घरोघरी पाहुणे आलेले असतात, त्यांच्यादेखत पहिला फटका मारायचा मान गावच्या पाटलाचा. मी मार खायचे, हळद लावायचे आणि पुढच्या गावी जायचे. एटापल्लीकडच्या एका गावात मात्र पडदा पडल्यावर लोकांनी फडे परत केले नाहीत. सकाळी ते घेऊन बुधरीच्या दारात गेले. बुधरी एकटी बाई, तापखोकल्याला पाला देणारी. मारताना लोक आमच्या नाटकातलेच संवाद म्हणत होते. तिचा डावा हात अजून वर जात नाही.

मी हे गुणवंतरावांना सांगितले. ते म्हणाले, "म्हंजे नाटक पोचलं ना, वहिनी!" मी त्याच दिवशी ते नाटक बंद केले. या माणसाला मी माफ केलेले नाही आणि मेल्यावरही करणार नाही.

कलम चार. त्या नाटकाचे सगळे हक्क माझ्या यजमानांनी भावाकडून रीतसर विकत घेतले होते. ते गेल्यावर हक्क माझ्याकडे आले. आता गुणवंतराव माझ्या मरणाची वाट पाहत आहेत. मी डोळे मिटले की येत्या मंडईला तेच नाटक, तेच फडे आणि चेटकीण म्हणून आमची पुनम, असे त्यांनी परस्पर ठरवले आहे. म्हणून ते नाटक, शेवटच्या अंकासह, मी बुधरीला देत आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी तिला विचारायला गेले तेव्हा ती एका हाताने मोहफुले वेचत होती. म्हणाली, "मी काय करू बाई, त्या नाटकाचं? मले वाचता येत नाई."

मी म्हटले, "वाचाचं नाई. फक्त नाई म्हणाचं."

ती टोपली खाली ठेवून हसली. मलाही फार दिवसांनी बरे वाटले.

अट एकच. ज्याला हे नाटक करायचे असेल त्याने फडा घेऊन बुधरीच्या अंगणात जावे आणि साऱ्या गावासमोर मोठ्याने विचारावे, "बुधरीबाई, तुले मारू काय?" ती हो म्हणाली तरच पडदा उघडावा.

कलम पाच. गुणवंतरावांना माझ्या मालमत्तेतून एक फडा द्यावा. विचारायला जाताना त्यांनी रिकाम्या हाताने जाऊ नये.

हे सर्व रंजीताने मला वाचून दाखवले, तिने मला एकही शब्द मवाळ करू दिला नाही. आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

सही: वच्छला पत्रूजी निकुरे
साक्षीदार: विनोद भोयर, पेटीवादक, रंजीता गेडाम, शेजारीण
धानोरा, ९ ऑक्टोबर २०२४