तारसोळचा अर्थ

डब्लिन, ओहायो. रविवार, संध्याकाळ

शेजारचे वॉल्टर आज वही घेऊन आले. त्यांच्या पूर्वजांचं इंग्लंडमधलं खेडं ॲश्टन. जुन्या दप्तरांत कुठे एस्टन, कुठे ऐश्टन. सगळं पेन्सिलीने टिपलेलं. आमची आडनावं गावावरून पडतात, हे मीच त्यांना मागे सांगितलं होतं. त्यामुळे त्यांनी विचारलं, "मिस्टर तारसोळकर, तुमच्या तारसोळचा अर्थ काय?"

मी तारसोळ पाहिलंसुद्धा नाही. तरी बेधडक म्हणालो, "ताऱ्यांचं गाव." का? माहीत नाही म्हणायला काय झालं होतं?

त्यांनी तेही पेन्सिलीने टिपलं. "कुणी सांगितलं?"

"आजोबांनी."

आजोबांना मी गावाबद्दल कधी काही विचारलंच नाही. वॉल्टरनी त्यांचं पूर्ण नाव विचारून घेतलं आणि अर्थाखाली नीट लिहिलं, पुरावा म्हणून.