भिंतीवर चढणारी बोटं

५ मे, सोमवार. सकाळी.
आजपासून नवीन वही. जुनीत नुसत्या तक्रारी होत्या. हिच्यात कामं असतील.

ठरलं. बायकोच्या क्लिनिकची हलती चित्रं मी करणार. ही फिजिओथेरपिस्ट आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हॉस्पिटलात लोकांचे सांधे सोडवले, आता स्वतःचं क्लिनिक काढलंय. पेशंट येतात, व्यायाम शिकतात, घरी जाऊन विसरतात. व्हिडिओ पाठवला तर वयस्कर मंडळींना तो सुरू कुठून करायचा ते कळत नाही. म्हणून हिला अशी चित्रं हवीत की मोबाइलवर उघडलं की आपोआप हललं पाहिजे. हात वर, हात खाली. संपलं.

मेहुणा म्हणाला की त्याच्या ओळखीत एक डिझायनर आहे, त्याला सांगू. मी म्हणालो, घरात माणूस असताना बाहेर कशाला? ही म्हणाली, घरात कोण माणूस? अधूनमधून विनोद करते.

कंपनी सोडल्यापासून मला वेळही आहे. (सोडायच्या लोकांची यादी कंपनीने काढली आणि तीत माझं नाव होतं हे खरं, पण मी तसाही सोडणारच होतो.) सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फुकट ते पौष्टिक. शनिवारपर्यंत सगळे व्यायाम देतो असं हिला सांगून टाकलं.

६ मे, मंगळवार
सॉफ्टवेअर उतरवलं. उघडल्यावर चारही बाजूंनी बारीक बारीक बटणं. पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी माहितीचं एक पान आहे. ते बंद केलं. मी ऑफिसात अकाउंट्सचं अख्खं सॉफ्टवेअर कोणाला न विचारता वापरायचो. (शेवटी विचारावं लागलं, पण ते शेवटी.)

पहिलं चित्र टेलरसाठी. आमच्याच रस्त्यावरचा टेलर. उजवा खांदा आखडलाय, कात्री धरून हात पुढे जात नाही. शाळा उघडायच्या आत युनिफॉर्मचा गठ्ठा शिवून द्यायचाय. ही म्हणते की त्याने घरी रोज नीट व्यायाम केला तर तोवर हात चालू होईल. व्यायाम सोपा आहे. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं भिंतीवरून एकेक करत वर चढवायची, जमेल तिथवर जायचं, आणि तसंच सावकाश खाली यायचं.

माणूस काढता येत नाही म्हणून स्वतःचेच फोटो काढायचं ठरवलं. मोबाइल पुस्तकांच्या चवडीवर ठेवला, टायमर लावला आणि भिंतीला भिडलो. आईने आतून विचारलं, भिंतीला काय चिकटलायस? हिच्या क्लिनिकचं काम करतोय म्हणालो. आई म्हणाली की मग क्लिनिकच्या भिंतीवर कर, इथला रंग खराब होतोय.

८ मे, गुरुवार. दुपारी.
सगळे फोटो एकावर एक रचले. त्याला लेअर म्हणतात. प्रत्येक लेअर म्हणजे हालचालीचा एक तुकडा. अगदी सोपं आहे, लोक उगाच बाऊ करतात.

चित्र तयार. उघडलं. हलत नाही. बराच वेळ पाहिलं. वाटलं, व्यायामच सावकाश आहे. तरी हलेना. हिला पाठवलं, म्हटलं तिच्या मोबाइलवर हलेल. तिचं उत्तर आलं की फोटो चांगला आलाय, चित्र कधी देणार?

संध्याकाळी.
घोडं कुठे पेंड खातंय ते सापडलं. फाइल बाहेर काढताना एक चौकोन येतो, त्यावर टिक केली तरच चित्र हलतं, नाहीतर सगळे लेअर दाबून एकच फोटो होतो. मला सांगा, हलती चित्रं करायला बसलेल्या माणसाला चित्र हलायला हवंय का, हे विचारायचं कारण काय? ही वृत्तीच मला समजत नाही.

११ मे, रविवार
हललं! पण हात वरून खाली येतो आणि वर जातच नाही. ह्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात खालचा लेअर पहिला धरतात. जगात सगळीकडे वरून खाली वाचतात, इथे खालून वर.

हिला म्हटलं, हाही व्यायामच झाला की. ही म्हणाली की ज्याचा हात वर अडकलाय असा पेशंट आला तर त्याला देईन.

शनिवार होऊन गेल्याचं तिने काढलं नाही. तिच्या मनाचा मोठेपणा. मीही काढलं नाही.

१३ मे, मंगळवार
क्रम लावला. मग वाटलं, मागे आमचं कपाट, कपाटावर बॅगा, हे प्रोफेशनल दिसत नाही. प्रत्येक फोटोतून पार्श्वभूमी खोडून काढली. पाठ मोडली. डोळ्यांना पाणी आलं. पण जीव ओतून काम केल्याचं समाधान वेगळंच.

चित्र चालू केलं. पहिला हात आला. तो जाईना. त्यावर दुसरा आला. मग तिसरा. पार्श्वभूमी खोडली की मागचा फोटो तसाच दिसत राहतो म्हणे, तो काढून टाक असं वेगळं सांगावं लागतं. शेवटी भिंतीसमोर मी आणि माझे अनेक हात. आईने चष्मा लावून पाहिलं आणि हात जोडले. मग चेहरा नीट पाहिला आणि सोडले.

चिडून प्रोग्रॅम बंद केला. सेव्ह करायचंय का असं त्याने विचारलं. मी रागाने नाही म्हणालो. माणूस रागात आहे एवढं त्याला कळायला हवं होतं.

१६ मे, शुक्रवार
पुन्हा पहिल्यापासून. ह्या वेळी कपाट राहू दिलं. कपाटाने वातावरण घरगुती वाटतं, आणि व्यायाम घरीच करायचाय.

फाइल इतकी मोठी झाली की हिच्या मोबाइलवर जाईना. लहान केली तर रंग कमी झाले आणि माझ्या गालांवर लाल-जांभळे चट्टे उठले. हिने पाहून पहिला प्रश्न विचारला तो ॲलर्जीचा. मग वेग. किती वेळाने फोटो बदलायचा त्या चौकोनात मी पाच लिहिलं, मला वाटलं सेकंद. तिथे सेकंदाचे हजार तुकडे करून मोजतात. हात मिक्सरसारखा फिरला.

आई म्हणाली, पी हळद अन् हो गोरी असं कुठे होतं का. शिकायला वेळ लागतो, शिकून घे कोणाकडून तरी. मी म्हटलं, शिकायचं काही उरलेलं नाही, फक्त हे सॉफ्टवेअर सुधारायचंय.

मेहुण्याने फोन करून विचारलं, मदत हवी का. नको म्हणालो. तो माणूस चांगला आहे, पण मदत करताना हसतो.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कोणी वाचणार नाही. आज क्लिनिकमध्ये डबा द्यायला गेलो होतो. पाटीवर हिचं नाव, टेबलावर हिच्या वस्तू, पेशंट हिचे. असायलाच हवेत. पण त्या खोलीत माझं म्हणावं असं काहीही नव्हतं. मी दिलेला डबासुद्धा हिचाच होता. म्हणून हे चित्र झालंच पाहिजे. शेंडी तुटो वा पारंबी.

१९ मे, सोमवार. संध्याकाळी.
झालं! हात भिंतीवरून व्यवस्थित वर चढतो. वेग बरोबर. चट्टे फिके. चित्र किती वेळा चालवायचं असं त्याने विचारलं, मी कायमचं म्हणालो. एवढ्या मेहनतीचं काम एकदा चालून थांबणं मला पटेना.

खाली येतानाचे फोटो काढले नाहीत. हात वर पोचला की चित्र पुन्हा पहिल्या फोटोवर येतं, त्यात हात खालीच आहे. म्हणजे आला की खाली. सगळंच उलगडून दाखवायची गरज नसते. बघणाऱ्याची बुद्धी कमी लेखू नये.

ही दमून आली होती. भाजी चिरता चिरता एक नजर टाकली, वर जाताना बरोबर आहे म्हणाली, बाकीचं जेवल्यावर नीट बघते. जेवण झालं आणि तिथेच खुर्चीत झोपली. उठवणं बरं दिसेना. क्लिनिकचा मोबाइल टेबलावरच होता. म्हटलं, सकाळी उठेल तेव्हा काम झालेलं दिसू दे. टेलरला चित्र पाठवलं. खाली लिहिलं: चित्रात दाखवल्याप्रमाणे करावे.

२० मे, मंगळवार
हिला सकाळी सांगितलं. बघितल्याशिवाय पाठवायला नको होतं, असं म्हणाली आणि घाईत निघून गेली. टेलरने मात्र अंगठा पाठवलाय. पसंतीचा. पुढचा व्यायाम गुडघ्याचा घ्यावा का मानेचा?

२२ मे, गुरुवार
टेलर सकाळीच क्लिनिकमध्ये आला. डाव्या हाताने उजवा धरून.

झालं ते असं. त्याने चित्र समोर ठेवलं आणि त्यातला माणूस करतो तसं केलं. बोटं सावकाश वर चढवली. वर पोचल्यावर चित्रातल्या माणसाचा हात एकदम खाली पडला, म्हणून ह्यानेही हात सोडून दिला. ठाणकन. मग पुन्हा वर, पुन्हा ठाणकन. खूप दुखलं, पण त्याला वाटलं की तोच खरा व्यायाम आहे, कारण अवघड तोच भाग होता. आणि थांबायचं कधी? चित्रातला माणूस थांबेना, मग डॉक्टरीण बाईंनी सांगितलेलं अर्ध्यावर सोडायचं कसं, म्हणून हाही थांबला नाही. शेवटी बायकोने मोबाइल काढून घेतला तेव्हा थांबला. दुसऱ्या दिवशीही केलं.

खांदा सुजलाय. युनिफॉर्म आता वेळेत होणार नाहीत.

हिने घरी येऊन मला हे सांगितलं. सांगून झालं आणि डबा घासायला घेतला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला उत्तर देता येतं.

२३ मे, शुक्रवार
नीट विचार केला तर दोष चित्राचा नाही. जगातलं कोणतंही हलतं चित्र थांबत नाही आणि ते बघून कोणी हात तोडून घेत नाही. खाली यायचे फोटो हवेत असं सॉफ्टवेअरने एकदाही सुचवलं नाही. नको तिथे दहा प्रश्न विचारतं.

आईला हे समजावून सांगितलं. नाचता येईना अंगण वाकडं, एवढंच बोलून तिने कूस बदलली.

२६ मे, सोमवार
टेलरकडे गेलो. दुकानात युनिफॉर्मचं कापड गठ्ठा बांधून ठेवलेलं. पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या टेलरचा माणूस ते न्यायला येणार होता. मी सॉफ्टवेअरची अडचण समजावून सांगायला लागलो. तो म्हणाला, नाही हो, चित्र अगदी स्पष्ट होतं, चित्राबद्दल तक्रारच नाही. त्याच्या बायकोने चहा दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

गठ्ठा माझ्यासमोरच गेला. फार वाईट वाटलं. सॉफ्टवेअरचं बोलणं अर्ध्यातच सोडलं. चुकलं माझं, असं म्हणायचं होतं. चहा छान झालाय असं म्हणून परत आलो.

ही आता रोज क्लिनिक उघडायच्या आधी त्याच्याकडे जाऊन खांदा बघते. मी विचारलं, येऊ का सोबत? नको म्हणाली.

३० मे, शुक्रवार
मेहुणा आला होता. जेवणाच्या सुट्टीत क्लिनिकच्या भिंतीपाशी हिचे फोटो काढले, वर जातानाचे आणि खाली येतानाचे. शेवटी ‘आता थांबा’ असं लिहिलेलं एक पान घातलं. चहा निवायच्या आत चित्र तयार. कोणतं सॉफ्टवेअर वापरलं ते मी विचारायला नको होतं. तेच. फुकटचं. ते पहिल्यांदा वापरणाऱ्यांचं पान चांगलं आहे म्हणाला.

कॉम्प्युटरवर कापड टाकून ठेवलंय. ह्या विषयावर ह्या वहीत आता काही लिहायचं नाही.

३ जून, मंगळवार. सकाळी.
लिहावं लागतंय. ही निघताना म्हणाली की तुमचं चित्र क्लिनिकमध्ये लावलंय, बाहेरच्या टीव्हीवर. पेशंटना फार उपयोग होतो. संध्याकाळी या बघायला.

मला माहीत होतं. चांगल्या कामाला वेळ लागतो, पण दाद मिळतेच. इस्त्रीचा शर्ट काढला. मेहुण्यालाही कळवलं.

रात्री.
गेलो होतो. टीव्हीवर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली आहेत. डावीकडे ही. बोटं सावकाश वर, सावकाश खाली, मग ‘आता थांबा’. वर लिहिलंय: असे करावे. उजवीकडे मी, कपाट आणि बॅगांसकट. वर लाल अक्षरांत: असे करू नये.

बाकं भरलेली होती. सगळे उजवीकडे बघत होते. टेलर तिथेच होता. उजवा हात खांद्यापर्यंत वर करून, बोट माझ्यावर रोखून तो शेजारच्या बाईंना समजावत होता की हा हात वरून सोडतो ना, तिथेच घात होतो. त्याचा हात एवढा वर आलेला मी पहिल्यांदा पाहिला. बरं वाटलं, आणि दुसरं काहीतरीही वाटलं.

त्या बाईंनी मागे वळून मला पाहिलं, पुन्हा टीव्हीकडे पाहिलं, आणि अगदी आदराने विचारलं की ते तुम्हीच का. मी हो म्हणालो.

बसायला जागा नव्हती. दाराशी उभा राहिलो. माझी बोटं भिंतीवर चढत होती, वर पोचत होती आणि हात ठाणकन पडत होता. दर वेळी बाकांवरून च्च ऐकू यायचं. काही वेळ नुसतं ऐकलं. मग हात पुन्हा पडला तेव्हा सगळ्यांबरोबर मीही च्च केलं.