केंचप्पाच्या मेंढरांचे कान

मी, डॉ. नीलांबिका विरूपाक्षप्पा मेणसगी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त कुलगुरू, पशुविज्ञान विद्यापीठ, राहणार मठाच्या मागची गल्ली, हिरेमाळगी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि रागात लिहून ठेवते. राग असला म्हणजे बुद्धी ठिकाणावर नसते, असे पुढे कोणी कोर्टात म्हणू नये, म्हणून डॉ. यल्लाप्पा बडिगेर यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार, चालू महिना आणि मुख्यमंत्र्यांचे नाव विचारले. तिन्ही उत्तरे बरोबर आली. तिसऱ्या उत्तराबरोबर मी आणखी जे बोलले ते त्यांनी दाखल्यात घातलेले नाही.

माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणण्याजोगे कोणी आता उरलेलेही नाही. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. दुसऱ्यात मी राहते घर विद्यापीठाला दिले होते, ते विद्यापीठाने विसरावे.

कलम १. राहते घर, परसातल्या चिंचेसह, माझी भाची सुमंगला हिला मिळावे. मात्र कलम ८ मध्ये सांगितलेले वाचन झाल्याशिवाय हे कलम लागू होणार नाही. माझा भाचा प्रभुलिंग याला घरात हिस्सा नाही. गेल्या दिवाळीत त्याने माझ्यादेखत पुढची खोली पावलांनी मोजली. मी विचारले, "काय रे, काय चाललंय?" तर म्हणाला, "काही नाही मावशी, सहज चालतोय." सहज चालणारा माणूस ओठांत आकडे पुटपुटत नाही. त्याला इथे शिकवणी वर्ग काढायचा आहे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. बैलांच्या छातीचा घेर मोजायची माझी कापडी पट्टी त्याला द्यावी. पुढच्या वेळी पावले मोजायला नकोत.

कलम २. बँकेतल्या ठेवी सुमंगलाच्या. तिने त्यातून माझ्या नावाने कुठलेही पारितोषिक ठेवू नये. पारितोषिके कशी मिळतात ते मला माहीत आहे.

कलम ३. हत्यारे. सूक्ष्मदर्शक मुलींच्या वसतिगृहाला. मी कॉलेजात गेले तेव्हा वसतिगृह नव्हते, कारण मुलीच नव्हत्या, मी एकटी होते. गाय अडलेली असताना मी खांद्यापर्यंत हात घातला आणि वासरू वळवून बाहेर काढले, तेव्हा आमचे प्राचार्य सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "हिच्याशी आता लग्न कोण करणार?" विरूपाक्षप्पांनी केले. ते शाळामास्तर होते आणि माझ्या हाताची भाकरी आवडीने खात. ते लवकर गेले, याचाही मला राग आहे, पण तो कोणाच्या नावावर करता येत नाही.

खच्चीकरणाचा मोठा लोखंडी चिमटा विद्यापीठाच्या व्यवस्थापन मंडळाला द्यावा. वापर शिकवायची गरज पडणार नाही.

मेंढ्यांच्या कानाला खूण करायचा छोटा चिमटा कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. त्याला कोणी हात लावू नये. त्याचे कलम ७ मध्ये येईल.

कलम ४. विद्यापीठाने मेंढी विभाग बंद करून त्या जागी माझ्या नावाचे सभागृह बांधायचे ठरवले आहे. आत्ताचे कुलगुरू पेढे घेऊन सांगायला आले होते. म्हणाले, "मॅडम, हल्ली मेंढ्या पाळतं कोण?"

मी म्हटले, "तुमच्या मुलीच्या लग्नात बिर्याणी कशाची होती?"

ते हसले. मी हसले नव्हते. माझे नाव कोणत्याही सभागृहाला, रस्त्याला, फाटकाला देण्यास माझी हरकत आहे. जन्मभर भाषणे ऐकली. मेल्यावर माझ्या नावाखाली आणखी नकोत.

कलम ५. लशीबद्दल मिळालेले सुवर्णपदक सोन्याचे नाही. मी सराफाला दाखवले होते. आतून पितळ आहे. ते विद्यापीठाला परत करावे, आणि का परत केले हे विचारले तर कलम ७ ची नक्कल द्यावी.

कलम ६. कै. डॉ. सदानंद हेब्बळ्ळी, माझे विभागप्रमुख, यांच्या तैलचित्राशेजारी माझे चित्र लावू नये. त्यांनी मला वर आणले, असे लोक म्हणतात. खरे आहे. कशावर पाय ठेवून आणले, ते पुढे लिहिते.

कलम ७. हे कलम मी चार वेळा लिहून फाडले. प्रत्येक वेळी त्यात हेब्बळ्ळी मोठे आणि मी लहान होत होते.

१९८५ साली मेंढ्यांच्या देवीवरची आमची लस चाचणीसाठी कुरुबरकट्टी गावच्या माळावर नेली. चाचणी माझी होती. तीन घरांची मेंढरे एकाच वाड्यात होती. त्यांपैकी दोनशे बारा केंचप्पा पूजार याची. काम पाच दिवसांचे. लस टोचली की डाव्या कानाच्या खालच्या कडेला त्रिकोणी काप घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून काप असलेले जनावर टोचलेले समजून सोडून द्यायचे, असे मी ठरवले. बिल्ले मागवायला वेळ लागला असता.

कुरुब धनगरांत प्रत्येक घराण्याचा कान, म्हणजे कानावरच्या कापाची खूण, वेगळा असतो, कोकराला जन्मल्या महिन्यात तो देतात, हे त्या माळावर पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक होते. विद्यापीठात पहिल्या आलेल्या मला नव्हते. डाव्या कानाच्या खाली त्रिकोण हा केंचप्पाच्या घराण्याचा कान होता.

त्याने मला सांगितले नाही असे नाही. पहिल्या दिवशी शेजाऱ्यांचीच मेंढरे घेतली; त्यांतल्या एका मेंढीवर मी चिमटा चालवला तेव्हा तो जवळ आला आणि म्हणाला, "अक्का, हा आमचा कान आहे. तुम्ही दुसरी खूण करा."

मी म्हणाले, "आजपासून हा सरकारचा कान."

माझी माणसे हसली. रोज सकाळी मेंढरे आमच्या हवाली करून केंचप्पा पुढचे रान बघायला जायचा. माझे मदतनीस कान चाचपायचे आणि काप लागला की जनावर सोडायचे. अशी त्याची दोनशे बाराही मेंढरे लस न टोचता सुटली, आणि माझ्या वहीत टोचलेली म्हणून चढली.

दोन महिन्यांनी देवीची साथ आली. शेजाऱ्यांची मेंढरे तगली. केंचप्पाची एकशे त्रेचाळीस मेली. मी माळावर गेले. मेलेल्या मेंढ्यांचे कान हातात घेऊन पाहिले. कापाच्या कडा भरलेल्या होत्या, त्यावर केस उगवलेले होते. जुनी जखम कोणती आणि दोन महिन्यांची कोणती, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळते. मला तिथेच सगळे कळले. हे मी स्पष्ट लिहिते, कारण नंतर कळले असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत आले.

हेब्बळ्ळींना सांगितले. ते म्हणाले, "एका धनगरासाठी लाखो मेंढ्यांची लस अडवणार आहेस? नीलांबिका, डोके चालव." आणि चौकशी लावली.

केंचप्पा खांद्यावर घोंगडी घेऊन दाराशी उभा होता. त्याला कोणी बस म्हटले नाही. हेब्बळ्ळींनी विचारले, "कान तूच कापलेस ना?"

तो म्हणाला, "होय साहेब, मीच. माझा बाप कापायचा, त्याचा बापही."

"बघा, कबूल करतोय," हेब्बळ्ळी म्हणाले. लेखनिकाने पहिले तीन शब्द लिहून घेतले. बाप आणि आजा लिहिला नाही.

मग केंचप्पा माझ्याकडे वळला. "अक्का, तुम्ही तरी सांगा. पहिल्या दिवशी मी तुम्हाला काय बोललो होतो?"

मी खुर्ची मागे सरकवली आणि उठून बाहेर गेले. व्हरांड्यातल्या माठातले पाणी प्यायले. परत आले तेव्हा तो गेला होता. अहवाल तयार होता. त्यात लिहिले होते की मेंढपाळाने टोचलेली जनावरे विकून बाहेरची आणली आणि त्यांच्या कानाला खोट्या खुणा केल्या, सबब ती चाचणीतून वगळली आहेत. खाली माझ्या सहीची जागा रिकामी होती. मी सही केली.

लस चांगली होती. खरे सांगितले असते तरी लस वाचली असती. बुडालो असतो ते हेब्बळ्ळी आणि मी.

कुरुबांत दुसऱ्याच्या जनावराचा कान कापणे म्हणजे मेंढीचोरी. आमचा अहवाल पंचांपर्यंत गेला. बीरप्पा देवाच्या जत्रेत केंचप्पाची मेंढरे घ्यायची बंद झाली. त्याच्यासोबत कोणी वाडा लावीना. उरलेली एकोणसत्तर विकून तो वीटभट्टीवर गेला आणि २००२ साली तिथेच वारला. तोवर मी प्राध्यापक, अधिष्ठाता झाले होते. दोन वर्षांनी कुलगुरू झाले. चार वर्षे ती फाईल माझ्या कपाटात आणि किल्ली माझ्या पर्समध्ये होती. एक ओळ दुरुस्त करायला कुलगुरूंना कोणाची परवानगी लागत नाही.

मी काय केले? त्याची मुलगी होन्नव्वा हिला मेंढी विभागात रोजंदारीवर लावून घेतले, आणि फिटले असे समजले. कोकरांच्या कानाला खूण करायचा दिवस आला की ती चिमटा दुसऱ्याच्या हातात देऊन पाणी भरायला निघून जाई. एकदा मी विचारले, "होन्नव्वा, तू का गं नाही कापत?"

ती म्हणाली, "आमच्या घरात आता कान कापत नाहीत, अक्का."

या विषयावर ती बोलली ते एवढेच. त्यानंतर नाही, आधीही नाही.

म्हणून मी येथे शपथेवर जाहीर करते की केंचप्पा पूजार याने एकही खोटी खूण केली नाही. चूक माझी होती, तिच्यावरचे खोटे माझ्या सहीचे आहे. कुरुबरकट्टीच्या शिवारातला माझा सहा एकर माळ होन्नव्वाला द्यावा, चरायला. ही भरपाई नव्हे. भरपाई म्हणून कोणी कागदावर लिहिले तर ते खोडावे. छोटा चिमटा विद्यापीठाच्या संग्रहालयात ठेवावा आणि त्याखाली हे कलम लावावे. पंचांना याची प्रत बीरप्पाच्या देवळात, हातात द्यावी, टपालाने नव्हे.

कलम ८. अंमलबजावणीचे काम ॲड. अक्कम्मा तोरगल यांच्याकडे आहे. आम्हा लिंगायतांत मेलेल्या माणसाला निजवत नाहीत, बसवतात. मलाही पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून, कपाळाला विभूती लावून बसवाल. विद्यापीठाची माणसे हार घेऊन येतील. ती सगळी जमली की, मातीला नेण्याआधी, ॲड. तोरगल यांनी कलम ७ मोठ्याने, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचावे. होन्नव्वाला आधी निरोप पाठवावा. ती आली तर तिला माझ्यासमोर खुर्ची द्यावी, दाराशी उभे ठेवू नये. नाही आली तर आग्रह करू नये, खुर्ची तशीच ठेवावी.

प्रभुलिंग म्हणेल, "मेलेल्या माणसासमोर हे कशाला? नंतर वाचू." त्याचे ऐकू नये. नंतर नको, तेव्हाच हवे. तेव्हा मी बसलेली असेन, आणि मला उठून बाहेर जाता येणार नाही.

वरील सर्व मजकूर माझ्या हस्ताक्षरात आहे, तो मी वाचून पाहिला आहे, आणि या वेळी सही करताना मी जागची हलले नाही.

(सही) नीलांबिका वि. मेणसगी

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या:
१. (सही) डॉ. यल्लाप्पा शि. बडिगेर, हिरेमाळगी
२. (सही) गंगाधर ह. सवडी, निवृत्त मुख्याध्यापक, हिरेमाळगी

स्थळ: हिरेमाळगी
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५