बांबूखाली सोडलेले उंदीर

आई, तुझा बांबू अजून बांधावर उभाय. वरची आडवी काठी तीच, सुतळी तेवढी मी बदलली. दिवस मावळला की तू कांदे साठवायच्या चाळीतला पिंजरा उचलून त्याच्याखाली जायचीस, दार उघडायचीस, उंदीर पळाला की वरून घुबड अलगद उतरायचं. चुलती ओरडायची, "घुबडाला जेवाय वाढती का गं बाई!" तू म्हणायचीस, "ते माझी चाळ राखतं. तू राखती का?" एकदा मी आळसानं पिंजरा दारातच उघडला, तर पाठीत धपाटा घातलास. "वाढायचं तर नीट वाढ."

मी नीटच वाढत होते. पण यंदा उंदीर लय झाले. पोरानं लासलगावहून औषधाच्या निळ्या वड्या आणून चाळीत टाकल्या, पिंजरा होताच. त्यात सापडणारे उंदीर सुस्त, धड पळेनात. मला वाटलं, बरंय, घुबडाला सोपं जाईल. रोज सोडत गेले. मग एका सकाळी घुबडाच्या जोडीतलं एक बांबूखाली मरून पडलेलं, अंगावर जखम नाही, चोचीत रक्त. सुनेनं वनखात्याला फोन केला. आलेला माणूस म्हणाला, "मावशी, याचं काळीज प्रयोगशाळेत तपासायला पाठवतो. औषध खाल्लेला उंदीर यानं खाल्ला असंल तर ते तिथं सापडतंच. तुम्ही औषध ठेवलं होतं का? दुसरी पाखरं असली तर सांगा, लवकर कळलं तर इंजेक्शन देता येतं." मी म्हटलं, "आमच्याकडं पिंजरा असतो." खोटं नाही बोलले. खरंही नाही.

वड्या खड्ड्यात पुरल्यात. पण दुसरं घुबड रोज त्या काठीवर येतं, पिंजऱ्याची वाट बघतं. जांभळाच्या ढोलीत त्याची पिल्लं फिसफिसतात. त्यांनीही तेच खाल्लंय ना! मी ओट्यावर बसून बघते. ते उडालं की माझा श्वास सुटतो, बसून राहिलं की टाळी वाजवून उडवून बघते. सून म्हणते, "आत्याबाई, पाखरासाठी एवढं काय?" तिला काय सांगू, वाढणारी मीच!

आज त्या माणसाचा फोन आला. "मावशी, तपासणीत..." एवढंच ऐकलं, "राँग नंबर" म्हटलं आणि फोन पिठाच्या डब्यात घालून झाकण लावलं. तो परत वाजतोय. पिल्लांचा आवाज कालच्यापेक्षा बारीक झालाय. झाकणाकडं हात जात नाही गं माझा. तू असतीस तर पाठीत एक धपाटा घातला असतास. घाल ना.