जेवणाच्या सुट्टीनंतरचा ताप

प्रिय वन्सं,

ही हाक वाचून तू नाक मुरडलंस, हे मला इथे बसून दिसतंय. पण गेल्या सोमवारपासून तू फोनवर मला ‘अहो वहिनी’ म्हणायला लागली आहेस, तेव्हा म्हटलं, आपणही मागे का राहावं. मी या घरात आले त्या दिवशी तू दप्तर घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली होतीस आणि ‘ए वहिनी, तुला गणित येतं का गं?’ असं विचारलं होतंस. येत नव्हतं. तेव्हापासून आजवर मी ‘ए’च होते. हा ‘अहो’ कुठून उगवला ते मला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे हे मात्र तुला ठाऊक नाही. फोनवर बोलले असते, पण फोन वाजला की तुझी लेक भिंगरी त्यावर झडप घालते, स्पीकर लावते आणि न्यायाधीशासारखी मधोमध बसते. शिवाय विषय जरा अवघड झाला की ‘बरं बरं, मशीन थांबलंय’ म्हणून फोन ठेवायची तुला सवय. पत्राला मध्येच ‘बरं बरं’ म्हणता येत नाही.

आधी बातमी, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. दादाने तुला सकाळीच सांगितलं असेल, तरी लिहिते, कारण चांगली बातमी दोनदा ऐकायला हरकत नसते. तपासणीचा अहवाल आला. भिंगरीला ती साथ नाही. साधा घसा आहे. काल दुपारपासून ताप नाही, आज तिने दोनदा वाढून घेतलं आणि माझा चष्मा लपवला, म्हणजे प्रकृती पूर्ववत. सोमवारी शाळेतून तिला थेट इकडे आणल्यापासून आम्ही दोघी वरच्या खोलीत आणि तुझा दादा खाली, असा संसार चालला आहे. तो जिन्याच्या मधल्या पायरीवर ताटं ठेवतो, कठड्यावर चमचा वाजवतो आणि चोरी केल्यासारखा पळतो. इतक्या वर्षांत त्याने मला इतक्या वेळा वाढलं नव्हतं. साथ ओसरल्यावरही काही नियम कायम ठेवावेत असं मला वाटू लागलं आहे.

नियमांवरून आठवलं. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा जिल्हा शिक्षण कार्यालयाकडून परिपत्रकांचा असा काही ओघ सुरू झाला की मोठ्या बाईंनी हात टेकले. प्रत्येक शाळेने एक आरोग्य-सुरक्षा समन्वयक नेमावा, असं पहिल्याच परिपत्रकात होतं. शाळेत रिकामं कोण? ग्रंथपाल. वाचनालयाला कुलूप, परत आलेली पुस्तकं तीन दिवस खोक्यात एकांतवासात, आणि मी त्यांच्यावर पहारा करत बसलेली. त्यात मी संस्कृत घेऊन शिकलेली, तेव्हा परिपत्रकांची भाषा मला कळेल असा मोठ्या बाईंचा भाबडा समज. कळते ना. ‘यथाशक्य’, ‘शक्यतो’ आणि ‘शक्य असल्यास’ यांत काय फरक आहे यावर मी बाकीच्या बाईंसमोर अर्धा तास बोलले. त्यानंतर मला कुणी शंका विचारली नाही. आम्ही बाकांची एकाआड एक मांडणी केली, जमिनीवर पावलं रंगवली, खिडक्या इतक्या उघड्या ठेवल्या की गणिताचे कागद भूगोलाच्या वर्गात सापडू लागले. मार्गिका एकदिशा केल्या. समोरच्या वर्गात खडू मागायला जायचं तर सगळ्या शाळेला प्रदक्षिणा घालावी लागे. मुलांना ते फार आवडलं. दिवसाला इतके खडू कधी संपले नव्हते.

आणि सकाळी मी फाटकात. हातात ते कपाळावर रोखायचं तापमापक. कार्यालयाच्या कागदात त्याचं नाव दोन ओळींचं आहे, पण मुलांनी मला ‘पिस्तूलबाई’ केलं आणि विषय संपवला. एकेकाने यायचं, कपाळ पुढे करायचं, ‘टीक’ झालं की आत. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटायला लागला होता. इतकी मुलं, इतके दिवस, फाटकात एकालाही ताप नाही. माझ्या धाकानेच साथ रस्ता बदलून जाते आहे की काय, असं वाटण्यापर्यंत मजल गेली होती.

मग कार्यालयाने सुचवलं की आमच्या शाळेची नियमावली नमुना म्हणून घ्यावी आणि जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना लावावी. मसुदा माझा. त्यात एक कलम मी स्वतःहून घातलं. ताप असताना तो लपवून मुलाला शाळेत पाठवणं, याला मी ‘ज्वरगोपन’ असा शब्द केला. हसू नकोस. ज्वरगोपन सिद्ध झाल्यास मुलाला सत्र संपेपर्यंत शाळेत घेऊ नये, आणि पालकांच्या कामाच्या ठिकाणी तसं लेखी कळवावं. मोठ्या बाईंना शब्द आवडला. जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी, ते जाड काचांच्या चष्म्याचे डॉक्टर, त्यांनी तर तो दोनदा उच्चारून पाहिला. येत्या सोमवारी समितीच्या बैठकीत ते कलम पक्कं व्हायचं आहे. मी ते लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कुणीतरी निष्काळजी, बेपर्वा माणसं होती. त्यांना चेहरे नव्हते. तेच बरं असतं. चेहरे नसले की वाक्यं फार सुबक होतात.

तर सोमवार. सकाळी भिंगरी फाटकातून आत गेली. टीक. सगळं ठीक. जेवणाच्या सुट्टीनंतर तिच्या वर्गशिक्षिकेने तिला माझ्याकडे पाठवलं, बाकावर डोकं ठेवून झोपली म्हणून. वाचनालय हाच आमचा विलगीकरण कक्ष. मी तिच्या कपाळावर यंत्र रोखलं तर आकडा लाल. पुन्हा रोखलं, पुन्हा लाल. यंत्र बिघडलं असेल म्हणून स्वतःच्या कपाळावर लावलं, मी ठणठणीत. तेव्हा ती मला समजावणीच्या सुरात म्हणाली, ‘बाई, तुम्ही घाबरू नका. ते गुलाबी औषध संपलं ना, की येतो ताप. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरतं ते. मग घरी गेलं की आई परत देते.’ मी यंत्र उलटसुलट करून बघितलं. तिला वाटलं, मला नीट कळलं नाही. ‘आईने सांगितलंय, मामीला अजिबात सांगायचं नाही. पण शाळेत तुम्ही मामी नाही ना? शाळेत बाई म्हणायचं, तुम्हीच म्हणालात.’ वन्सं, न्यायशास्त्र शिकलेल्यांनीही हात जोडावेत असा युक्तिवाद होता. वर तिने नावं घेऊन हेही सांगितलं की तिच्या वर्गात अजून तिघं घेतात, त्यांतल्या एकाचं औषध नारिंगी आहे आणि ते जास्त गोड लागतं. म्हणजे मी रोज सकाळी फाटकात उभी राहून मुलांचा ताप नाही, औषधांची गुणवत्ता तपासत होते. एकही औषध नापास झालं नव्हतं.

थोड्या वेळाने, मी तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवत असताना, तिने विचारलं, ‘आता आईला कामावरून काढतील का?’ मी म्हटलं, ‘तुला कुणी सांगितलं असलं काही?’ तर म्हणाली, ‘मुकादम म्हणतो. एक दिवस घरी राहिलं की दुसऱ्या दिवशी मशीनवर दुसरी बाई.’ हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. रुग्णालयाच्या चादरी धुणारी तुझी ती जागा, आज सगळ्या गावाला जिची गरज आहे, तिथे तुझी किंमत एवढीच आहे, हे मला सात वर्षांच्या मुलीकडून कळावं? जावईबापूंची बोट कुठल्याच बंदराला लागू देत नाहीत, घरी दुसरं कुणी नाही, पहाटेची पाळी. ताप असलेलं मूल तू ठेवणार होतीस कुठे? माझ्याकडे आणायचं, तर दोन घरांनी मिसळू नये असं त्या नियमावलीतच आहे. तू मला विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी तुला कलम वाचून दाखवलं असतं, संधी सोडवून. तू मला चांगली ओळखतेस.

आता एक वाक्य लिहिते, ते एकदाच लिहिणार आहे आणि पुन्हा कधी तोंडातून काढणार नाही. तू चुकलीस. भिंगरीच्या वर्गशिक्षिकेच्या वडिलांची फुप्फुसं अधू आहेत. अहवाल येईपर्यंत ती शिक्षिका घरात असून त्यांच्या खोलीत गेली नाही. दाराबाहेर स्टूल टाकून त्यांना मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवत होती, आणि ते आतून ‘खेळाचं पान आधी’ म्हणून ओरडत होते. वर्गातली सगळी मुलं घरी बसली. घसा निघाला हे आपलं नशीब, आपली हुशारी नव्हे. हे तुला माझ्याहून जास्त कळतं, म्हणूनच तो ‘अहो’ आला. आणि म्हणूनच रोज संध्याकाळी तू समोरच्या फुटपाथवर येतेस, खिडकीतल्या भिंगरीला हात करतेस, आणि मी खिडकीशी आले की तुला बस गाठायची असते. या रस्त्यावरून बस जात नाही.

मी काय केलं तेही ऐक. परवा डॉक्टरांना फोन लावला आणि जमेल तितक्या सहज आवाजात म्हटलं, ते कलम जरा सौम्य करावं का, आईबापांच्याही काही अडचणी असतील. ते म्हणाले, ‘बाई, शब्द तुमचेच आहेत, आणि इतके नेमके शब्द मला जन्मात जमले नसते. कोण पाठवतं अशी मुलं? एक तरी नाव सांगा, मग बघू.’ मी नाव सांगितलं नाही. ‘बरं बरं’ म्हणून फोन ठेवला. तुझ्याकडूनच शिकले. पण त्यानंतर इथे वरच्या खोलीत बसून एक नवं कलम लिहिलं, यात एकही जोडशब्द नाही. ज्या मुलाला सकाळी ताप असेल त्याच्या घरून नुसता फोन यावा, कारण कुणी विचारू नये. आरोग्य कार्यालयाने त्या आईच्या किंवा बापाच्या मुकादमाला लिहून द्यावं की हे माणूस आमच्या सांगण्यावरून घरी आहे आणि याची जागा याचीच राहील. आणि ज्यांना तरीही कामावर जावंच लागेल, त्यांच्या मुलासाठी एक दुसरं घर आधीच ठरवून ठेवावं. नियमापुरती ती दोन्ही घरं एकच धरावीत. दादाला जिन्यावरून वाचून दाखवलं. खालून म्हणाला, ‘हे मला कळलं.’ तुला माहीत आहे, माझ्या लिखाणाला त्याने दिलेली ही पहिलीच दाद.

आता पत्राचं खरं कारण. सोमवारी समितीपुढे जुनं कलम मागे घ्यायचं तर मला कारण द्यावं लागेल, आणि डॉक्टर नाव विचारणार. भिंगरीने सांगितलेली ती तीन नावं मी देणार नाही. ती तिने बाईंना सांगितली नव्हती, तापात मामीला सांगितली होती, ती काहीही म्हणो. नावाशिवाय बोलले तर पुन्हा त्या बिनचेहऱ्याच्या माणसांबद्दल बोलल्यासारखं होईल, आणि कलम पक्कं होईल. मग पुढच्या वेळी कुणाची तरी भिंगरी सत्रभर घरी बसेल आणि तिच्या आईच्या मशीनवर दुसरी बाई उभी राहील. म्हणून मी उभी राहून म्हणणार आहे की हे आमच्या घरात झालं. कुणी केलं असं विचारलं तर पुन्हा तेच म्हणेन, आमच्या घरात. तरी लोक तुझ्यापर्यंत पोचतील, गाव लहान आहे, आणि मुकादमाला कान आहेत. नवं कलम मंजूर होईल की नाही याची खात्री मला देता येत नाही. नाही झालं तर जुन्या कलमाखाली पहिलं नाव आपलंच असेल. म्हणून तुझ्या होकाराशिवाय मी तोंड उघडणार नाही. नको म्हणालीस तर मी तिथे गप्प बसेन, आणि तुझ्यावर एका शब्दाने रागावणार नाही. उद्या संध्याकाळी फुटपाथवर येशील तेव्हा बस गाठू नकोस. खिडकीखाली उभी राहा आणि मला वर बघून एवढंच सांग, तुझं घर ‘आमच्या घरात’ धरू ना गं?

तुझीच,
वहिनी