पाच टनांच्या वर नाही

मी, राजकुमार अप्पाराव हिवराळे, वय चौपन्न, धंदा लोखंडी शेडची उभारणी, राहणार गारखेडा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे. दबाव कोणाचाही नाही. माझ्यावर दबाव टाकू शकणारं माणूस घरात एकच, आणि तिनं हे अजून वाचलेलं नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. खालील सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे.

१. गारखेड्याचं राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी सुलेखा हिला. ती म्हणते, "लोखंडाला एवढं जपता, मला कधी ओळंबा लावून पाहिलं का?" घर तिनं विकावं, ठेवावं, भाड्यानं द्यावं. मुलांनी मधे बोलू नये.

२. चिकलठाण्याची शेड, क्रेनसह, मुलगी रूपा हिला. मुलगा असताना मुलीला का, असं नातेवाईक विचारतील, म्हणून कारण लिहितो.

ही शेड मीच आखली, मीच उभी केली. माझी शाळा नववीपर्यंत. पुढचं सगळं छावणीच्या बाजारातल्या जुन्या पुस्तकांतून आणि उन्हात उभं राहून शिकलो. लोखंड लागेल तेवढंच घालायचं, ही माझी रीत. पण किती लागेल, हे एका वेळच्या ओझ्यावर ठरत नाही. क्रेन दिवसभर जाते-येते, ओझं चढतं-उतरतं. म्हणून ताबा देण्याआधी मी भरलेली क्रेन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो. खांबाच्या माथ्यावरून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडलेला असतो. ओझं उतरवल्यावर ओळंब्याचं टोक जमिनीवर कुठं येतं, तिथं खडूनं खूण करतो. पहिल्या फेऱ्यांत खूण किंचित सरकते, मग सांगाडा जागा धरतो आणि सरकणं थांबतं. त्या शेडला पुढं भीती नाही. खूण दर फेरीला थोडीथोडी सरकतच राहिली, तर तो सांगाडा कधीतरी कोसळणार, पहिल्या दिवशी त्यानं कितीही पेललेलं असो.

आमची शेड पाच टनांची. विजयादशमीला मी बुद्धलेणीवर गेलो असताना मुलगा सम्यक यानं नव्या गिऱ्हाइकाचा सात टनांचा साचा उचलला. क्रेन चालवणाऱ्या कडुबानं नको म्हणून पाहिलं. मी आलो तर पेढे वाटणं चालू.

"पप्पा, पेललं की! तुम्ही उगीच भेव घालता."

"एकदा पेललं."

"मग दुसऱ्यांदा काय धाड भरती त्याला?"

त्यानंतर मला न सांगता तो दर आठवड्याला उचलू लागला. कळल्यावर मी ओळंबा सोडला. प्रत्येक उचलीला खूण पुढं. कडुबा वाकून बघत म्हणाला, "उस्ताद, खांब तर जाग्यावरच दिसतो."

"दिसतो. म्हणून तर तू त्याच्याखाली बिनघोर उभा राहतोस."

त्याच दिवशी सात टन बंद केले. पाच टनांवर परत फेऱ्या मारल्या. खूण हलत नाही. रूपा तिथं वेल्डिंगचं काम बघते आणि तेव्हापासून खूण पाहिल्याशिवाय हुक हलू देत नाही. म्हणून शेड तिची. अट एकच: पाच टनांच्या वर नाही. भावानं हात जोडले तरी नाही.

३. शेडमागची मोकळी जागा आणि तिथं पडलेलं सगळं नवं लोखंड सम्यकला. यंत्रं दोघांत निम्मी. जड काम करायची त्याची हौस वाईट नाही. त्यानं त्यासाठी वेगळी शेड उभी करावी.

४. माझे जुने गिऱ्हाईक बद्रीनाथ शेठ यांनी त्यांच्या शेडच्या छपराला मी लावलेल्या हलक्या कैच्या बघून चार लोकांत "हिवराळेनं लोखंड खाल्लं" असं म्हटलं होतं. त्यांना काही ठेवत नाही. त्यांची क्रेन त्याच कैच्यांखाली आजही चालते, एवढी नोंद करतो.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये, असं वकील सांगतात. म्हणून कडुबाला माझी मोटारसायकल कालच दिली. ब्रेक लागत नाही, हे त्याला माहीत आहे.

६. हे सर्व मी रात्री सम्यकला समोर बसवून वाचून दाखवलं. "म्हंजे मला उघड्यावर काढलं," म्हणाला आणि ताट तसंच ठेवून उठला. आज सकाळी मी दवाखान्याची पिशवी भरत असताना दारात आला.

"मागं सात टनांची उभी करायची तर खांब केवढा लागंल?"

"सात टन किती वेळा?"

"म्हंजे?"

"दिवसातून किती वेळा, आणि किती वर्षं. गिऱ्हाइकाला विचारून ये, मग खांबाचं बोलू."

तो गेला आहे, अजून परतलेला नाही. तो येईल तेव्हा मी नसलो, तर रूपानं त्याला हेच विचारावं. उत्तर मिळेपर्यंत कलम तीनमधल्या लोखंडाला कटर लावू देऊ नये.

या व्यवस्थेची अंमलबजावणी सुलेखानं करावी. वाचून, खाडाखोड नाही याची खात्री करून, दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) राजकुमार अप्पाराव हिवराळे

साक्षीदार:
१. (सही) कडुबा नामदेव घोडके, चिकलठाणा
२. (सही) आशाबाई उत्तम खिल्लारे, शेजारी, गारखेडा

स्थळ: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५