पेटीतलं घोंगडं

शुक्रवार पेठ, सोलापूर
४ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,

भारतचा सा. न. वि. वि. पत्र पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर आपण दुसऱ्या वाक्याला भांडतो आणि तिसऱ्याला फोन ठेवतो, म्हणून यापुढे जे बोलायचं ते कागदावर, अशी शपथ तूच घातलीस. ती पाळतोय. कागद आपटता येत नाही, एवढीच गैरसोय.

इकडचं क्षेम म्हणशील तर माझा पुढचा एक दात पडला. शेजारच्या शिवयोगीने पाडला. त्याचं नाक आता जरा डावीकडे बघतं, ते माझं काम. कारण असं, की दिवाळीत त्याने घरात थेटर बसवलं. टीव्हीखाली एक काळी पेटी ठेवलीय, तिला सबवूफर म्हणतात. पिक्चरातली गाणी-बोलणी तो स्वतः ऐकतो. पेटीतून निघणारे धमाके मात्र शेजाऱ्यांसाठी असतात. त्याची आणि माझी भिंत एक. तिकडे हिरोने गुंडाच्या पोटात बुक्की घातली की इकडे फळीवरचं पातेलं खाली येतं. पूनमने शेवटी सगळी भांडी जमिनीवर मांडली. बसायच्या खोलीत आम्ही डबे ओलांडत चालतो.

हे सगळं मी सोसलं असतं, पण आबांचं बिघडलंय. जन्मभर ढोलाला चिकटून राहिल्याने त्यांचे कान पार गेले, तेव्हा या धुमाळीत घरातला एकच माणूस सुखी असेल असं मी धरून चाललो होतो. तर शिवयोगीचं थेटर सुरू झालं की भिंतीकडेला घोंगड्यावर पडलेले आबा उठून बसतात, तळहाताने फरशी बडवतात, चुकला, चुकला म्हणून कुणाला तरी शिव्या देतात आणि पुढचं ताट सरकवून देतात. गालफडं बसलीत. गावाहून आपल्या बिरुदादाचं फर्मान आलंय, की बिरोबाच्या यात्रेआधी तुझ्या घरात शांतता झाली नाही तर आबांना मी मेंढरांकडे घेऊन जाणार आणि परत पाठवणार नाही. ताई, दादाकडे जमीन आहे, मेंढरं आहेत, देवसुद्धा त्याच्याच देव्हाऱ्यात आहे. माझ्या वाट्याला आबा आलेत. ते मी सोडणार नाही. पूनम ह्याला हट्ट म्हणते.

म्हणून मी स्वतः सबवूफर बांधतोय. शिवयोगीचा दहा इंची, माझा पंधरा. जाड प्लायची बंद पेटी, आतून आडव्या पट्ट्यांचा आधार, तोंड त्याच्या भिंतीकडे. पूनम म्हणते पोलिसांत जा. पोलीस त्याला गप्प करतील. मला तो गप्प नको, हात जोडलेला हवा.

तुझ्याकडे एक काम आहे. पेटीत लोकर ठासावी लागते. त्याने छोट्या पेटीतल्या हवेला आपण मोठ्या घरात राहतो असं वाटतं आणि आवाज खोल जातो. दादाची कातरणी झाली असेल. पोतंभर लोकर पाठव.

दाजींना नमस्कार. माया आहे तेवढी असू दे, दाताबरोबर ती कमी करू नये.

तुझा,
भारत


नातेपुते
९ फेब्रुवारी

चि. भारत यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र पोचलं. दाताचं वाचून वाईट वाटलं, नाकाचं वाचून बरं वाटलं. अंगणवाडीत दिवसभर पोरांना मारामारी करू नका म्हणून सांगते आणि घरी येऊन हे वाचते. माझंच मला नवल वाटतं.

लोकर मिळणार न्हाय. बिरूला विचारलं तेव्हा तो मेंढरू कातरत होता. माझ्या मेंढरांचा एक केस त्या धिंगाण्याला मिळणार न्हाय म्हणाला आणि हातातली कातर अशी खांबात रोवली, की ती काढायला दोघं लागले. मेंढरू अर्धंच कातरलेलं उठून पळालं, ते अजून तसंच हिंडतंय.

आता माझं ऐक. आबा चुकला म्हणतात ते म्हातारपणाचं खूळ न्हाय. यात्रेत गजी नाचाच्या ढोलाला ते कायम पुढं असायचे. ढोल चुकला की नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकायचे, म्हणून चुकणाऱ्याला ते सोडत नसत. धुळाप्पाच्या पाठीत त्यांनी ढोलाचं टिपरू घातलं होतं, तो गडी आजही वाकून चालतो आणि तरी आबांचं नाव आदरानं घेतो. कान गेले तरी जमिनीतून अंगात काही शिरत असंल की! त्यांना वाटत असंल, भिंतीपलीकडं कुणी तरी रोज चुकीचा ढोल वाजवतंय. सोलापूरला जाताना आबा कपडे विसरले पण टिपरू पिशवीत घातलं होतं, आठवतं का? त्यात तू त्याहून मोठं धूड आणतोस. त्यापरीस शिवयोगीच्या घरी जा, चहा पी, आबांचं सांग. माणसानं माणसाशी बोलावं.

पूनमला आशीर्वाद. मी लावते तसा जीव तूही लाव, आणि दुसरा दात जप.

तुझी,
ताई


शुक्रवार पेठ, सोलापूर
१५ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझ्या सांगण्यावरून मी शिवयोगीकडे गेलो. चहा प्यालो. आबांचं सांगितलं. त्यावर तो म्हणाला, की बहिऱ्या माणसाला आवाजाचा त्रास होतो हे त्याने आजवर ऐकलं नव्हतं, तेव्हा त्रास बहुधा मला आहे आणि तो हेव्याचा आहे. मग चहाची कपबशी कशी फुटली आणि कुणाच्या कपाळावर, हे मी सविस्तर लिहीत नाही. त्याची बायको काशम्मा भली बाई. तिने दोघांनाही हळद लावली.

पेटी झाली, ताई! काय देखणी झालीय. चारी कडांना डिंक, स्क्रूवर स्क्रू, कुठून फुंकरसुद्धा जाणार नाही. पुढे गोल भोक कापताना करवतीने अंगठ्याचं थोडं सालपट नेलं, पण भोक वर्तुळासारखं वर्तुळ आहे. उभी केली तर पूनमच्या कमरेला येते. वायरी जोडून झाल्यावर एका दुपारी, शिवयोगी जेवून आडवा झाला की पहिला धमाका.

लोकरीचं कोडंही सुटलं. दादाच्या मेंढरांना त्यांचे केस लखलाभ. आबांचं जुनं घोंगडं होतंच की घरात. अस्सल लोकर, वर्षानुवर्षं अंगाखाली दबून घट्ट झालेली, अशी बाजारात मिळायची नाही. आबा अंघोळीला गेले तेव्हा कात्री चालवली आणि तुकडे डिंकाने पेटीच्या आत बसवले. आबांना नवी कोरी सोलापुरी चादर दिलीय. ते तिच्यावर बसत नाहीत, नुसते तिच्याकडे बघतात. होईल सवय.

तू रागावशील, म्हणून आधीच सांगतो, की मी हे त्यांच्यासाठीच केलंय. जीव आहे तोवर लोभ ठेव.

भारत


नातेपुते
१९ फेब्रुवारी

भारत,

आशीर्वाद मागाहून. तू काय केलंस हे तुला तरी ठाऊक हाय का? त्या घोंगड्यावर बिरोबाची तळी उचलतात. आपल्या तिघांची बारशी त्याच्यावर झाली. आई गेली तेव्हा आबा त्याच्यावरच बसून होते. मला शेवटचं नेताना हेच अंगावर घाला, असं त्यांनी आपल्या तिघांना हाताला धरून सांगितलंय. तू तेव्हा मोबाईलमध्ये बघत असशील.

बिरूला वाचता येतं पण चष्मा सापडत न्हाय, म्हणून तुझी सगळी पत्रं मीच वाचून दाखवते. हेही दाखवलं. तो तसाच उठला. मेंढरं बायकोच्या हवाली केली, मेंढरं हाकायची काठी घेतली आणि उद्याच्या गाडीनं सोलापूरला जातो म्हणाला. काठीला तेल लावत बसलाय. दाजी आडवे गेले तर त्यांना उचलून ओट्यावर ठेवलं.

फोन करावा असं फार मनात आलं. पण फोन करणार न्हाय अशी शपथ मीच घातलीय, ती देवापुढची हाय. म्हणून हे स्पीड पोस्टनं धाडते. मिळताच घराला कुलूप लाव आणि कुटं तरी जा. होटगीच्या मामांकडं जा.

मरू नको. बाकी लोभ आल्यावर बघू.

ताई


शुक्रवार पेठ, सोलापूर
२५ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. तुझं स्पीड पोस्ट मिळालं. माझ्या डाव्या हाताचं प्लास्टर वाळल्यावर मिळालं. पोस्टमनने माझी सही घेताना हळहळ व्यक्त केली.

दादा आला तेव्हा मी पेटीजवळ उकिडवा बसून शेवटची वायर जोडत होतो. तो चपला न काढता आत आला. पहिली काठी हातावर बसली, आणि आतून वाळकी फांदी मोडल्यासारखं काही तरी वाजलं. दुसरी पाठीत. तिसरीला मी खाली वाकलो, तेव्हा ती पूनमच्या डब्यांवर बसली आणि सांडगे खोलीभर झाले. दणदणाट ऐकून शिवयोगीला वाटलं, भारतचा सबवूफर सुरू झाला. तो बनियनवर तक्रार घेऊन दारात आला. दादाच्या काठीला त्याची ओळख नव्हती. चौथी त्याच्या डोक्यात. त्यानंतर जे झालं ते मला आजही खरं वाटत नाही. शिवयोगी दादाच्या मनगटाला दातांनी लटकला आणि मी उजव्या हाताने दादाचा गळा धरला. चार महिने एकमेकांचे दात-नाकं मोडणारे आम्ही दोघं एका बाजूने लढलो, ताई. तिघं मिळून सांडग्यांवर लोळलो. फरशीवर रक्त होतं, कुणाचं ते वेगळं काढता आलं नसतं.

त्या लोळण्यात कुणाचा तरी पाय बटणाला लागला. मी फोनवर मारामारीचा पिक्चर लावून ठेवला होता, तो पुऱ्या आवाजात सुरू झाला. काय दणका होता! खिडकीची काच गेली, छातीत कुणी तरी आतून लाथा मारतंय असं झालं. आम्ही तिघं एकमेकांचे गळे धरून स्तब्ध.

आबा उठले. पिशवीतून टिपरू काढलं. आमच्याकडे बघितलंही नाही, आम्हाला ओलांडून पेटीपाशी गेले, एक हात पेटीवर ठेवला, जरा वेळ थांबले, आणि चुकला म्हणून ओरडत टिपरू जे घातलं ते स्पीकरच्या आरपार. मग दुसरं. मग तिसरं. कागदाचा तो पंधरा इंची पडदा लक्तरं होईस्तोवर थांबले नाहीत. घर गप्प झालं, पण फरशी अजून थरथरत होती, कारण भिंतीपलीकडे शिवयोगीचं थेटर चालूच होतं. आबांनी पायाने ते ओळखलं. ते बाहेर पडले. काशम्मा टीव्हीसमोर होती. ह्या अवतारातला म्हातारा दारात बघून तिने बर्री अज्जा, म्हणजे या आजोबा, म्हणत दार पुरतं उघडलं आणि पेटीवरची फुलदाणी स्वतःच्या हाताने उचलून बाजूला घेतली. पुढचं लिहायला नको.

परत येऊन आबांनी माझ्या पेटीच्या भगदाडात हात घातला आणि घोंगड्याचा एकेक तुकडा बाहेर ओढला. मांडीवर घेऊन बसले. रडले नाहीत, ओरडले नाहीत. त्यापेक्षा दादाची काठी बरी होती.

दादा म्हणतोय यात्रेआधी आबांना न्यायला येणार. मी ह्या वेळी हट्ट धरला नाही. तुकडे त्याच्याबरोबर पाठवतोय. तू शिवशील का? लोभ मागायला तोंड नाही, आणि त्यात दातही एक कमी.

भारत


नातेपुते
२ मार्च

चि. भारत यास,

आशीर्वाद. हाताची काळजी घे. बिरूच्या मनगटावर शिवयोगीच्या दातांची रांग उमटलीय. डॉक्टरनं कुत्रं चावलं का विचारलं तर सोलापूरकर चावला म्हणाला. इंजेक्शन दिलंच.

तुकडे शिवतेय. डिंकानं असे कडक झालेत, की सुई वाकते. काल अंगठ्यात घुसली, तेव्हा घोंगड्याला माझंही रक्त लागलं. राहू दे म्हटलं. ह्या घोंगड्यानं एवढं बघितलं, त्यात ते काय मोठं!

बिरू निघताना आबांनी त्याला एक काम सांगितलंय. बकऱ्याचं चांगलं कमावलेलं कातडं आण, मोठं आण, एवढंच म्हणाले. कशाला ते सांगितलं न्हाय. बिरू मीठ चोळून कातडं ताणत बसलाय आणि माझ्याशी बोलत न्हाय, म्हणजे राग उतरतोय.

आबा इकडं आले तर मी रोज जाईन, तू चिंता करू नको. तुझं मन मोडलंय ते मला इथून दिसतं. जीवाला लावून घेऊ नको.

ताई


शुक्रवार पेठ, सोलापूर
१४ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. दादा आला. ह्या वेळी चपला काढून आला. एका हातात कातड्याची गुंडाळी, दुसऱ्यात आबांसाठी रिकामी पिशवी.

आबांनी माझी पेटी खोलीच्या मधोमध आडवी करायला लावली. फाटका स्पीकर उपसून टाकला. त्या गोल भोकावर कातडं ओलं करून अंथरलं, दोरी आवळायला दादाला बसवलं, आणि खिळे ठोकायला माझा एक चालता हात आणि शिवयोगीचे दोन. हो, शिवयोगी होता. डोक्याला पट्टी बांधून आला होता, स्वतःच्या पेटीच्या निधनाला तोच आता एकटा रडायला उरलाय. दोरी ढिली पडली की आबा ज्याचा हात सापडेल त्याच्यावर टिपरू ठेवून देत. दादाच्या बोटाचं नख गेलं. माझा अंगठा दुसऱ्यांदा फुटला.

कातडं वाळल्यावर आबांनी पहिला ठोका दिला. ताई, माझ्या पंधरा इंची धमाक्याची काय कथा! ठोका फरशीतून पायात आला, पायातून पोटात, आणि काशम्मा म्हणाली की तिच्या घरातल्या टीव्हीचा कोन बदलला. आबांनी गाल पेटीला लावला होता आणि डोळे मिटले होते. त्या दिवशी ते दोन भाकऱ्या जेवले.

मग दादाने पिशवी पुढे केली आणि खुणेने चला म्हणाला. आबा म्हणाले, की तितं माळावर वाजवलं तर ऐकणार कोण, मेंढरं? हितं भिंतीपलीकडं माणूस हाय. दादाने पिशवीची घडी घालून ती खिशात ठेवली. जाताना माझ्या प्लास्टरवर एक टिचकी मारली. आमच्या घरात ह्याहून मोठी माफी आजवर कुणी मागितलेली नाही.

आता रोज दुपारी वाजतं. शिवयोगी हात जोडून आला होता, अगदी मला हवा होता तसा, पण माझ्यापुढे नाही, आबांपुढे. आबांनी त्याला खाली बसवून दुसरं टिपरू हातात दिलं. मलाही दिलं. आमचं चुकतं, आणि चुकलं की बोटांवर बसतं. धुळाप्पाला आमचा नमस्कार सांग. तो वाकून का चालतो आणि तरी आदराने का बोलतो, ते आता कळतंय.

दोन्ही पेट्या फुटल्यावर पूनमने सगळी भांडी पुन्हा फळीवर चढवली होती. काल तिने ती उतरवून जमिनीवर मांडली.

घोंगडं शिवून झालं की तूच घेऊन ये. आबांना दाखवून घे. येताना कानात घालायला कापूस आण, आणि माया मात्र उघड्या कानांनी ठेव.

तुझा,
भारत